हानेदाचे चाळीस सेकंद

टोकियोचा हानेदा विमानतळ, २ जानेवारी २०२४, संध्याकाळचे पावणेसहा. आदल्या दिवशीच्या नोतो भूकंपासाठी मदतसामग्री घेऊन तटरक्षक दलाचं एक छोटं विमान निगाताला निघालं होतं. टॉवरमधून सूचना आली : नंबर वन, सी-५ थांब्यापर्यंत या. वैमानिकाने ती म्हणून दाखवली, वर आभारही मानले. आणि विमान थांब्यावर न थांबता थेट धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. सुमारे चाळीस सेकंद. त्याच पट्टीवर उतरायची परवानगी जपान एअरलाइन्सच्या ए-३५० विमानाला आधीच मिळालेली होती.

टकरीत छोट्या विमानातले सहापैकी पाचजण गेले. मोठ्या विमानातले ३७९ जण, सगळेच्या सगळे, जळत्या विमानातून बाहेर पडले; ध्वनिक्षेपक बंद पडलेला, कर्मचारी ओरडून वाट दाखवत होते.

‘नंबर वन’ म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुमचा नंबर पहिला, एवढंच. कॅप्टनला ती धावपट्टीवर जायची परवानगी वाटली. १९७७ मध्ये तेनेरिफला धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ बळी गेल्यावर वैमानिक आणि टॉवर यांच्यातली भाषा कडक झाली. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, महत्त्वाची सूचना पूर्ण म्हणून दाखवायची, नुसतं ‘ओके’ चालणार नाही. पण या रीडबॅकमधून तपासले जातात ते शब्द. ऐकणाऱ्याने त्यातून काय घेतलं, हे टॉवरला कळायला मार्ग नाही. हानेदात रीडबॅक बरोबर होता, हीच तर गोम!

मग राहतात डोळे. टॉवरमधल्या पडद्यावर धावपट्टीचा रंग बदलून इशारा झळकलाही होता. पण त्याला आवाज नव्हता, आणि नियंत्रकाच्या तो ध्यानात आला नाही. अंधारात ए-३५०च्या वैमानिकांनाही पुढचं विमान जवळजवळ धडकेपर्यंत दिसलं नाही. सी-५पाशी जमिनीत बसवलेले लाल थांबादिवे देखभालीसाठी बंद होते. गंमत अशी, की चालू असते तरी त्या संध्याकाळी ते लागले नसते. धुक्यासारख्या प्रसंगीच ते लावायची तिथली पद्धत.

जपानने लगोलग ‘नंबर वन’ म्हणणं थांबवलं आणि पडद्यावर सतत नजर ठेवायला वेगळा माणूस बसवला. शब्द काही महिन्यांनी परत वापरात आला. मला स्वतःला अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवरची सोय जास्त भरवशाची वाटते. विमान उतरतंय किंवा पट्टीवरून धावतंय असं रडारला दिसलं, की पट्टीच्या तोंडाशी जमिनीतले लाल दिवे आपोआप लागतात. कुणी बटण दाबावं लागत नाही. टॉवरने आत यायला सांगितलेलं असलं, तरी ते दिवे दिसले की वैमानिकाने थांबायचं आणि टॉवरला तसं कळवायचं.