घाट उतरताना उंची जाते कुठं?

आजचा भाग लोकलमध्ये ऐका, भांडी घासताना ऐका, फक्त बाइक चालवताना ऐकू नका. कारण आजची गोष्ट बाइकचीच आहे. ज्यांना कानापेक्षा डोळ्यांवर जास्त भरवसा आहे, त्यांच्यासाठी हा त्याच भागाचा मजकूर. मधले ‘अं… म्हणजे…’ तेवढे काढलेत.

आधी हातातला फोन बघा. वजन साधारण 200 ग्रॅम. तो जमिनीपासून एक मीटर उंच धरला, तर त्याच्यात जवळपास 2 ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ही स्थितिज ऊर्जा. शाळेतलं ते ‘एम जी एच’: वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची, तिघांचा गुणाकार. हात सुटला की उंची कमी होत जाते, वेग वाढत जातो, म्हणजे स्थितिजची गतिज होत जाते. फरशीला टेकताना फोनचा वेग असतो ताशी 16 किलोमीटर. मग ते 2 ज्यूल कुठंतरी जायलाच हवेत ना? थोडे आवाजात जातात, थोडे उष्णतेत, आणि उरलेले काचेत. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता त्याच फोनची बॅटरी घ्या. 5000 एमएएचची बॅटरी फुल चार्ज असेल तर तिच्यात सुमारे 69 हजार ज्यूल असतात. आणि दोन मजली घराच्या गच्चीवर, जमिनीपासून 7 मीटर उंचीवर, हजार लिटरची ती काळी टाकी असते ना, ती भरलेली असताना तिच्यात जवळपास तेवढेच! एक टन पाणी वर चढवलं आणि हिशोब आला एका फोनच्या चार्जिंगचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं.

त्यामुळं वाटतं की उंचीतली ऊर्जा म्हणजे किरकोळच मामला. इथंच आपण फसतो. आम्ही फसलो होतो.

पावसाळ्यात मी आणि माझा मित्र लोणावळ्याहून परत येत होतो. एक्सप्रेसवेवर बाइकला बंदी, म्हणून जुन्या हायवेनं बोरघाट उतरत होतो. गाडी मित्राच्या हातात. खंडाळा सोडल्यावर पठ्ठ्यानं गाडी न्यूट्रलला टाकली. म्हणाला, “उतारच आहे, पेट्रोल कशाला जाळायचं?” मलाही तेव्हा पटलं. गार वारा, इंजिनाचा आवाज नाही, मस्त वाटत होतं. वेग वाढला की ब्रेक, जरा कमी झाला की सोडायचा, परत ब्रेक. निम्म्याहून जास्त घाट उतरलो आणि जळका वास यायला लागला. पुढच्या वळणावर त्यानं लिव्हर दाबला, तर तो स्पंजासारखा आत गेला. गाडी हळू झाली, पण हवी तेवढी नाही. समोर ट्रक होता. मागचा ब्रेक, दोन्ही पाय रस्त्यावर, कसेबसे कडेला थांबलो. काही क्षण आम्ही दोघंही गप्प. नंतर घरी सांगताना आम्ही फक्त “पाऊस फार होता” एवढंच सांगितलं.

झालं काय होतं, तो हिशोब करू. गाडी, आम्ही दोघं आणि भिजलेल्या बॅगा मिळून 250 किलो धरा. खंडाळा ते खोपोली उतार सुमारे 500 मीटरचा. गुणाकार केला की 12 लाख ज्यूलच्या वर आकडा जातो. फोनच्या सतराएक बॅटऱ्या!

यातले गाडीच्या वेगात किती असतात? गतिज ऊर्जेचं सूत्र ‘अर्धा एम व्ही स्क्वेअर’. ताशी 60 च्या वेगानं आमच्या गाडीत फक्त 35 हजार ज्यूल होते. म्हणजे घाटानं दिले 12 लाख, त्यातले वेगात ठेवता येतात 35 हजार. बाकीचे कुठं गेले? थोडे हवेच्या विरोधात. आणि गाडी न्यूट्रलला असल्यामुळं उरलेले जवळजवळ सगळे ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. 12 लाख ज्यूलमध्ये साडेतीन लिटर पाणी चहासारखं उकळतं. इथं ती उष्णता दोन-तीन किलो लोखंडात कोंबली जात होती.

ब्रेक तापला की ब्रेक ऑइल तापतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळं जुनं झालं की लवकर उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर स्पंजासारखा. तुम्ही जोर लावता आणि तो बुडबुडे दाबण्यातच संपतो.

गाडी गिअरमध्ये असती, तर चाकानंच इंजिन फिरवलं असतं. सिलिंडरमध्ये हवा ओढायची, दाबायची, सगळे भाग घासत फिरवायचे, या कामात ऊर्जा गेली असती. आणि इंजिन तर उष्णता बाहेर टाकायलाच बनवलेलं असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम यातूनच आलाय. त्यांना ‘एम जी एच’ माहीत नसेल, पण 25 टनांचा ट्रक उतरवताना त्यांच्याकडं आमच्या शंभर पट ऊर्जा असते.

(आणि बिनगिअरची स्कूटर असेल तर? अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन थोडं रोखतं, पण खालचा गिअर निवडायची सोय नसते. म्हणून वेग मुळातच कमी ठेवायचा, ब्रेक सतत घासत न ठेवता दाबून सोडायचा, आणि मध्ये थांबून गार होऊ द्यायचा.)

गाडी गार झाल्यावर हळूहळू, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खोपोलीला उतरलो. टपरीवर चहा घेताना समोरच्या डोंगरावरून खाली येणारे जाड पाइप दिसत होते. टाटांच्या जलविद्युत केंद्राचे. 1915 पासून लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी असंच पाइपांतून खाली सोडून इथं वीज तयार होते, सुरुवातीला त्यावर मुंबईच्या गिरण्या चालायच्या. उतार तोच, साधारण 500 मीटरचा. हिशोब केला तर 15 लिटर पाणी, म्हणजे एक बादली, एवढ्या उंचीवरून आली की तिच्यात फोनच्या एका चार्जिंगएवढी ऊर्जा असते. गच्चीवर त्यासाठी अख्खी टाकी लागत होती!

रेल्वेनंही याच घाटात हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवलाय. उतरणारं विजेचं इंजिन मोटरलाच जनरेटर बनवून वीज वरच्या तारेत परत पाठवू शकतं. आणि ब्रेक निकामी झालेच, तर गाडी वळवायला चढावर जाणारे वेगळे रूळ ठेवलेत, त्यांना कॅच साइडिंग म्हणतात. गाडी चढत जाते, गतिज परत स्थितिज होते, आणि ती थांबते.

हे सगळं मी मित्राला टपरीवरच ऐकवलं. त्यानं शेवटी एकच प्रश्न विचारला: “पण पेट्रोल तर वाचलं ना?” नाही वाचलं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, की पेट्रोलचा पुरवठा सहसा बंदच केला जातो, कारण इंजिन चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून थोडं थोडं पेट्रोल जळतच राहतं.

त्यानं काही न बोलता दुसरा चहा सांगितला. खोपोलीपासून पुढं गाडी मी चालवली.