घरगुती ध्वनिमुद्रण : परवडणाऱ्या मायक्रोफोनची तुलना

घरातले ध्वनिमुद्रण म्हणजे कच्चे काम, असे वाटत असेल तर चेन्नईकडे पाहा. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये कोडंबक्कम येथे घराच्या आवारात 'पंचतन रेकॉर्ड इन' हा स्टुडिओ उभारला आणि १९९२ च्या 'रोजा'चे संगीत तिथे घडले. अर्थात तुमच्या वसतिगृहाच्या खोलीत पंखा आहे, खिडकीबाहेर हॉर्न आहेत आणि खिशात मोजकेच पैसे आहेत. म्हणून निवड समजून करावी लागते.

डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते व विद्युतदाब तयार होतो. शुअर एसएम५८ हा या प्रकारातला. कंडेन्सरमध्ये पडदा व मागची धातूची पट्टी मिळून कपॅसिटर बनतो. त्याला सहसा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा त्यातला स्वस्त पर्याय.

आता आकडे पाहू. एटी२०२० ची संवेदनशीलता उणे ३७ डेसिबल, एसएम५८ ची उणे ५४.५. फरक १७.५ डेसिबल, म्हणजे विद्युतदाबात सुमारे साडेसात पट. यावरून 'डायनॅमिक गोंगाट कमी पकडतो' असे सर्रास सांगतात. पण तो तुमचा आवाजही तेवढाच कमी पकडतो! आवाज आणि गोंगाट यांचे गुणोत्तर मुख्यतः अंतर ठरवते. समजा, तुम्ही ४० सेंटीमीटरवरून १० सेंटीमीटरवर आलात. अंतर दोनदा निम्मे झाले, दर वेळी ६ डेसिबल, म्हणून आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढला. दूरचा पंखा होता तेवढाच राहिला. एसएम५८ तोंडाजवळ धरतात, म्हणून तो 'शांत' वाटतो. (फार जवळ गेल्यास मात्र खर्ज फुगतो आणि 'प', 'फ' फटकारतात, तोंड किंचित बाजूला ठेवा.)

अंगभूत गोंगाटाचेही तसेच. एटी२०२० चा २० डेसिबल, महागड्या रोड एनटी१ चा जेमतेम ४. खोलीतच ४० डेसिबल गोंगाट असेल तर २० डेसिबलची ऊर्जा त्याच्या शंभरावा भाग; जास्तीचे पैसे ऐकूच येणार नाहीत. आधी पंखा बंद करा, गादी भिंतीला टेका.

चेन्नईत आणखी एक अडचण म्हणजे दमट हवा. ओलाव्याने कंडेन्सर चरचरतो. वापर झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. रिची स्ट्रीटवर भाव विचारताना इंटरफेस, केबल व स्टँड धरूनच हिशेब करा.