आधी ब्रेक, मग किक!

आमच्या ताईच्या दारात पत्र्याच्या आडोशाला एक काळी स्प्लेंडर प्लस चार वर्षे उभी होती. २००७ सालची, दाजींची. दाजी गवंडीकाम करायचे. याच गाडीवर ते कामाला जायचे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी ताईला व पोराला बसवून छत्रपती संभाजीनगरच्या बुद्ध लेणीला जायचे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दाजी गेले. गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच. भंगारवाल्याने तीन हजार सांगितले, ताईने दिली नाही.

भाच्याला वाळूजच्या कारखान्यात काम लागले. पाळी रात्री बाराला सुटते. त्या वेळी बस नाही, शेअर रिक्षा मिळाली तर मिळाली. पोराने शोरूममधून हप्त्यांचा कागद आणला. नवी गाडी पाऊण लाखाच्या पुढे, त्यावर व्याज. आणि नोकरी कंत्राटी! मी पडलो कारकून. आकडे मांडून दाखवले आणि म्हणालो, "बाळा, आधी तुझ्या बाबांची गाडी तर बघू."

जवळच्या एका गॅरेजवाल्याला बोलावले. त्याने गाडीकडे लांबूनच पाहिले आणि "हाफ इंजिन करावं लागेल," म्हणून सांगून टाकले. किकसुद्धा मारली नव्हती! समाजबांधवांनो, न तपासता सांगितलेला खर्च कधीही मान्य करू नका. किक दाबताना पायाला चांगला दाब लागत असेल, तर इंजिनात अजून जीव आहे असे समजावे. किक रिकामी खाली गेली, तर मात्र टॅपेट, वॉल्व्ह, पिस्टन-रिंगा पाहाव्या लागतात. आणि गाडी सुरू झाल्यावर निळा धूर सतत येत राहिला, तर ऑइल जळते आहे. पहिल्या मिनिटभराचा पांढरा धूर बहुधा साचलेल्या ओलीचा असतो, त्याला घाबरू नये.

भाच्याला घाई. "मामा, एक किक मारून बघू का?" मी हात धरला. मागचे चाक जाम होते, ब्रेकचा पाय दाबला की वर येत नव्हता. अशी गाडी सुरू होऊन उपयोग काय?

इथे मला चाळीसगाव आठवते. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महाराला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्याच एका बांधवाने लगाम धरला, पण त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकले, घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती जातीच्या क्रौर्यासाठी सांगतो, ते योग्यच आहे. पण मला त्यात तो लगाम धरणारा माणूसही दिसतो. त्याची निष्ठा शंभर नंबरी होती, उणीव होती ती कसबाची. ते कसब त्याला शिकू कोण देणार होते? आमच्या भाच्याच्या हातात आयटीआयचे प्रमाणपत्र आहे. त्याला सबब नाही.

म्हणून पहिल्या रविवारी दोन्ही चाके काढली. ब्रेकचा कॅम गंजून धरला होता, तो पॉलिश पेपरने घासून त्याला बोटभर ग्रीस लावले. शूच्या लायनरला ग्रीसचा थेंबही लागू द्यायचा नाही. ड्रममधली धूळ पोर तोंडाने फुंकू लागले, तेव्हा मी ओरडलोच. ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसात बसतो. ओल्या फडक्याने पुसावे. गॅरेजमध्ये राबणारी आपली पोरे रोज ही धूळ खातात, कुणी त्यांना सांगत नाही.

टायरला नक्षी होती, पण बाजूंना भेगा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. १५१६ म्हणजे २०१६ च्या पंधराव्या आठवड्यातला टायर. आमचे दोन्ही बदलले. हवा पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट ४१ पौंड. आपल्याकडे तिघे बसवतात आणि हवा एकट्याची ठेवतात!

दुसऱ्या रविवारी टाकी. पेट्रोलला वार्निशासारखा वास येत होता. पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, उभ्या गाडीत पाणी तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. जुने पेट्रोल काढून टाकले, टाकीत थोडे ताजे पेट्रोल आणि मूठभर नट घालून ती खळखळवली, कॉकची जाळी साफ केली. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरची रबरे बदललेली बरी. कार्बोरेटरचे जेट क्लीनरने व हवेने साफ करावे, तार खुपसू नये. भोक मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते.

मग प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले आणि किक हाताने हळूहळू फिरवली. इंजिन मोकळे होते. जुने ऑइल डांबरासारखे निघाले. नवीन १०डब्ल्यू-३० घातले, मोटरसायकलचेच. मोटारीचे स्वस्त मिळाले म्हणून घालू नये, या गाडीचा क्लच त्याच ऑइलात असतो आणि तो घसरू लागतो. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर, चेनचा झोल साधारण इंचभर.

सातव्या किकेला गाडी बोलली. ताई चुलीपुढून उठून दारात आली. काही बोलली नाही. पदराने सीट पुसली आणि आत गेली.

पोराच्या मते काम संपले होते. पण ही गाडी बॅटरी मेली तरी किकवर सुरू होते, आणि तिथेच लोक फसतात. हॉर्न नाही, ब्रेकचा दिवा नाही, आणि मध्यरात्री वाळूजच्या रस्त्यावर मागून ट्रक! बॅटरी नवीन बसवली. सगळा हिशेब असा: टायर-ट्यूब २,८००, ब्रेक शू ४५०, बॅटरी ८५०, चेन-स्प्रॉकेट ९५०, प्लग, केबली, ऑइल व कार्बोरेटरचे सामान १,४५०. एकूण ६,५०० रुपये. मजुरी घरची. सायलेन्सर बदलायचा त्याचा हट्ट मी हिशेबात धरलेला नाही!

कागदांनी मात्र दमवले. आरसी दाजींच्या नावावर. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची, हे घरात दुःख असताना कोणाला सुचते? माझ्यासारख्या अर्ज लिहिणाऱ्यालाही सुचले नाही, याची लाज वाटते. त्यात २०२२ ला नोंदणीची १५ वर्षे संपलेली. त्यासाठी नमुना २५, गाडीची तपासणी, पर्यावरण कर आणि उशिराचा भरणा वेगळा. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० झाली. शिवाय विमा, पीयूसी आणि नवी नंबरप्लेट. भाचा म्हणाला, "तोवर गल्लीबोळातून नेतो." ताईने किल्ली कनवटीला लावली. दोन महिने तो शेअर रिक्षाने आणि कधी पायी आला. विमा नसताना कोणाला धडक बसली, तर भरपाई घरदार विकून द्यावी लागते.

आरसी ताईच्या नावावर झाली. गेल्या पौर्णिमेला ती हेल्मेट घालून मागे बसली आणि दोघे लेणीला जाऊन आले. येताना पाऊस लागला. घरी पोचताच भाच्याने मला फोन केला, "मामा, पाणी गेल्यावर मागचा ब्रेक नीट धरत नाही." रविवारी चाक पुन्हा काढायचे आहे.