आरोग्यविम्याचे कार्ड आणि रोजची गोळी

घरात मोठे दुखणे आले म्हणजे आपल्याकडे पूर्वी दोन वस्तूंकडे लक्ष जाई : देवघरातला अंगारा आणि घरधनिणीच्या अंगावरचे दागिने. आता त्यांत तिसऱ्या वस्तूची भर पडली आहे, ती सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डाची. हे कार्ड कोठवर पोचते आणि कोठे थांबते, एवढेच आम्ही येथे पाहणार आहोत.

विम्याचे मूळ तत्त्व साधे आहे. दुखणे अमक्याच घरी येईल असे सांगता येत नाही. पण हजार घरांत मिळून वर्षाला किती दुखणी येतील, याचा अदमास करता येतो. म्हणून सर्वांनी थोडे थोडे घालावे आणि ज्याच्यावर पाळी येईल त्याचा खर्च त्यातून भागवावा. धडधाकट माणसे बाहेर राहिली आणि आजारीच तेवढे आत आले, तर मात्र हा रांजण लवकरच कोरडा पडतो. आणि ज्याला काहीच घालणे शक्य नाही, त्याचा वाटा कोणी भरावा? येथे विम्याचा प्रश्न हिशेबाचा न राहता न्यायाचा होतो.

या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगार व मालक यांच्या वर्गणीवर आजारविमा उभा केला. ब्रिटनने १९४८ साली मुख्यतः कराच्या पैशांतून सर्वांसाठी आरोग्यसेवा सुरू केली. आपल्याकडे भोर समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे सूत्र मांडले आणि गावोगाव आरोग्यकेंद्रांचे जाळे सुचवले. त्यानंतर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आज या योजनेत कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेतली जाते. परंतु ज्यांना पगाराची चिठ्ठीच मिळत नाही, असे शेतमजूर, हमाल आणि घरकाम करणाऱ्या बाया त्याच्या बाहेरच राहिल्या.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती सर्व राज्यभर पसरली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू लागली. २०१८ साली केंद्राची योजना आली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देऊ लागली. २०२३ साली राज्याने हीच मर्यादा सर्व कुटुंबांना लागू करण्याचे ठरवले. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत विकावे लागू नये, ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. त्यांना रोज दोन गोळ्या घ्याव्या लागतात. कार्डाचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, ठरलेल्या उपचारांना आहे. दर महिन्याच्या गोळ्यांना तो नाही. धंदा मंदावला की गृहस्थ गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात. काही वर्षांनी मूत्रपिंडे निकामी होतात आणि डायलिसिसची पाळी येते. मग मात्र कार्ड चालते! जो खर्च स्वस्तात टळला असता, तोच शेवटी महाग होऊन सरकारच्या अंगावर येतो. आणि माणसाचे जे नुकसान होते ते तर कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये शंभरांत चौसष्ट रुपये होता, तो २०२१-२२ मध्ये एकोणचाळीसवर आला. उतार मोठा आहे. पण उरलेल्या एकोणचाळीसांत औषधांचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी अडचण अंतराची. कार्ड भामरागडच्या माणसाला आणि पुण्याच्या माणसाला सारखेच मिळते, परंतु योजनेत अंगीकृत असलेले सुसज्ज रुग्णालय दोघांना सारखे जवळ नसते. एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी विम्यात धरलेली नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, कार्डाच्या मागे दवाखाना उभा पाहिजे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनाशुल्क झाले आहेत. तेथे गोळ्या खरोखर शिल्लक असतात की नाहीत, हे आपण नागरिकांनी विचारले पाहिजे. तसेच धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवल्या पाहिजेत, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली आहे. ती पुष्कळांना ठाऊकच नसते. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, हेही शेजाऱ्याला सांगून ठेवावे.

विम्याने मोठ्या संकटाची धास्ती कमी केली. आता रोजच्या गोळीची चिंता मिटवणे हे पुढचे काम आहे, आणि ते गावच्या दवाखान्यापासूनच सुरू करावे लागेल.