मुंबईत घर: विकत की भाड्याने?

समजा, दीड कोटीचा फ्लॅट महिना 40,000 रुपये भाड्याने मिळतो. वर्षाचं भाडं किमतीच्या 3.2 टक्केच झालं. तोच घ्यायला एक कोटीचं कर्ज 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं, तर हप्ता सुमारे 87,000. शिवाय 6 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 9 लाख, सुरुवातीलाच जातात. चार-पाच वर्षांत शहर सोडायची शक्यता असेल, तर भाडंच बरं. पण अकरा महिन्यांचा करार संपला, घरमालकाने नकार दिला, की म्हाताऱ्या आईवडिलांनाही सामान बांधावं लागतं. हा त्रास आकड्यांत बसत नाही, तरी माझ्या मते तो मोजायलाच हवा. घ्यायचंच ठरलं तर महारेरावर प्रकल्पाची नोंदणी तपासा, तयार इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र पाहा आणि सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवूनच सही करा.