वाचायला वेळ कोठून येतो?

लोक वाचत नाहीत, ही तक्रार फार जुनी आहे. पूर्वी तिचे खापर तमाशावर फुटत असे, मग सिनेमावर फुटले, पुढे दूरदर्शनवर आणि आता मोबाइलवर फुटते आहे. मी स्वतः शाळेत फार दिवस बसलो नाही. जे काही शिकलो ते पुस्तकांनी, नाटकांनी आणि, खोटे कशाला बोलू, सिनेमांनीही शिकवले. तेव्हा या भांडणात मी कोणा एकाची बाजू घेणार नाही. मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. वाचायला पुस्तक लागते हे खरे; पण त्याआधी वेळ लागतो, आणि मजुराचा वेळ हा मालकाच्या ताब्यातला जिन्नस असतो.

मुंबईच्या गिरण्यांत प्रारंभी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. रविवारही मोकळा नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. हे लोखंडे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाने सुटीसाठी झगडावे यात मला मोठी संगती दिसते. वाचणारा मोकळा नसेल तर छापलेले कोणासाठी? पुढे 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत दिवसाचे 12 तास ठरले. 1922 साली आठवड्याचे 60 झाले, 1934 साली 54, आणि 1948 च्या कायद्यात 48. हे आकडे वाङ्मयाच्या इतिहासात कोणी घालत नाही. घातले पाहिजेत, असे माझे मत आहे.

तास सुटले तेव्हा गिरणगावाने त्यांचे काय केले? ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. परळला दामोदर नाट्यगृह उभे राहिले आणि पाळी संपवून आलेला कामगार तेथे तोंडाला रंग लावू लागला. आता नाटक आणि वाचन यांचे नाते विद्वानांना वाटते त्याहून जवळचे आहे. नाटकात काम करायचे म्हणजे नक्कल पाठ करावी लागे. नक्कल म्हणजे आपल्या वाट्याची हाताने उतरवून घेतलेली वाक्ये. अडखळत वाचणारा साचेवालाही राजाची भूमिका मिळाली की खोलीतल्या दिव्याखाली बसून अक्षर अक्षर लावीत असे. ज्याला मुळीच वाचता येत नसे त्याला दुसरा वाचून दाखवी, आणि दहा जण अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकत. अशी एक वही सबंध खोलीचे पुस्तक होई. आमच्या लोकांत पुस्तक हे असे आधी कानाने येते, डोळ्यांनी मागाहून. ज्यांना हे कमीपणाचे वाटते त्यांनी कीर्तनाला बसून पाहावे.

अण्णा भाऊ साठे यांचेच पाहा. शाळा त्यांनी जवळजवळ पाहिली नाही. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे लावून लावून वाचायला शिकल्याचे त्यांच्या चरित्रांत येते. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. लोकनाट्ये आणि पोवाडे लिहून कामगारांसमोर आणले. 1959 साली ‘फकिरा’ कादंबरी छापली गेली, तिला 1961 चे राज्य पारितोषिक मिळाले, आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. पोस्टरापासून पुस्तकापर्यंत आणि पुस्तकापासून पुन्हा पडद्यापर्यंत! यात सिनेमाने वाचन बुडवले, असे कोठे म्हणावे?

बुडते ते दुसऱ्या कारणाने. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि त्या मनोऱ्यांच्या दाराशी गिरणी कामगाराचा मुलगा कंत्राटी पहारेकरी म्हणून 12 तास उभा राहिला. जाण्यायेण्याचे तीन तास वेगळेच. त्याच्या हातात मोबाइल दिसतो म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून उभ्याने तो दुसरे काय हातात धरणार? त्या मोबाइलवर तो जुनी नाटके ऐकतो, पोवाडे ऐकतो, हे मी पाहिले आहे. आणि 2025 साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाचे कामाचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. ग्रंथप्रेमी मंडळींपैकी किती जणांनी त्यावर आवाज उठवला? पुस्तकांच्या किमतींवर मात्र आपण तासन्‌तास बोलतो.

मी ज्या एका कारखान्यात संघटनेचे काम करतो तेथे पुस्तकांचे एक कपाट आहे. पुस्तके चांगली आहेत. किल्ली कचेरीत असते आणि कचेरी पाळी सुटण्याआधी बंद होते. यंदाच्या मागणीपत्रात बोनसच्या खाली आम्ही एक कलम घातले आहे: कपाट दोन्ही पाळ्या सुटताना अर्धा तास उघडे ठेवावे आणि किल्ली कामगारांपैकी एकाकडे द्यावी. वाटाघाटीत साहेब हसले. कलम आम्ही मागे घेतलेले नाही.