संगणकाचे कान, तोंड आणि कोठी



संगणक फार हुशार यंत्र आहे असे सगळे म्हणतात. पण त्याला काम सांगणारे, त्याचे उत्तर दाखवणारे आणि माहिती सांभाळणारे कोणी नसेल, तर तो नुसता डबा आहे. म्हणून त्याला तीन प्रकारची साधने लागतात.

पिठाची गिरणी आठवा. वरून ज्वारी ओततात, आत दळण होते, खालून पीठ येते. घरी आई ते पीठ डब्यात भरून ठेवते. संगणकाचेही तसेच आहे. फरक एकच. गिरणीत ओतलेली ज्वारी संपते, पण संगणकाला दिलेली माहिती आपल्याजवळही राहते.

१) इनपुट साधने : ही संगणकाची कान-डोळे. कीबोर्डने अक्षरे लिहितात. माइकने आवाज आत जातो. कॅमेरा आणि स्कॅनरने चित्र जाते. माउसने पडद्यावरचा बाण हलतो. पहिला माउस १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्याकडे तयार झाला. तो चक्क लाकडाचा होता!

२) आउटपुट साधने : हे संगणकाचे तोंड. पडद्यावर उत्तर दिसते, स्पीकरमधून ऐकू येते, प्रिंटरमधून कागदावर छापून येते. मोबाइलचा पडदा मात्र दोन्ही कामे करतो. तो बोटाचा स्पर्श घेतो आणि चित्रही दाखवतो.

३) साठवण साधने : ही कोठी. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड. संगणकात रॅम नावाची स्मरणशक्तीही असते, पण ती फळ्यासारखी आहे. लाईट गेली की सगळे पुसले जाते. हार्ड डिस्क म्हणजे वही, त्यात लिहिलेले राहते. मी एकदा 'माझी गाय' हा निबंध टाइप केला आणि सेव्ह करायचे विसरलो. तेवढ्यात लाईट गेली. गाय गेली ती गेलीच!

कोठी मोजायचे माप म्हणजे बाइट. ८ बिटांचा १ बाइट. युटीएफ-८ या पद्धतीत मराठीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. आपल्या गावाचे नाव पाहा : न, मात्रा, क, न, उकार, र. झाली ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला. तो आपल्याच देशात बनवला होता. त्याला छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून माहिती देत. त्याच्या स्मरणात २०४८ जागा होत्या आणि प्रत्येक जागा ४० बिटांची. मी गुणाकार-भागाकार केला, तर १०,२४० बाइट आले. म्हणजे त्यात 'नेकनूर' ५६८ वेळा मावले असते, बाकी १६. आजच्या १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सुमारे १,६०० कोटी बाइट मावतात आणि तो खिशात बसतो.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आजीने कितीतरी वर्षे ऊसतोडीला जाऊन कोयता चालवला. एकदा रेशन आणायला गेलो, तर मशीन तिचा अंगठा घेईना. चार वेळा पुसून लावला तरी नाही. आजी रडवेली झाली. म्हणाली, "माझं नावच काढून टाकलं का रं बाबा?"

मी सरांना विचारले. सर म्हणाले, आधार काढताना दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांतल्या बुबुळांचे चित्र घेतात. देशातले पहिले आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले. ते ठसे दूरच्या मोठ्या संगणकात साठवलेले असतात. दुकानातले मशीन फक्त आपला ठसा घेते, तो साठवलेल्या ठशाशी जुळतो का हे विचारते आणि जुळला की पावती छापते. खूप कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात, म्हणून मशीनला ठसा नीट दिसत नाही.

मग मी आजीला सांगितले, "आज्जे, तुझं नाव कोठीत हाय तसंच हाय. मशीनलाच तुझं बोट वाचता येत नाही." दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या यंत्राने तिची ओळख पटली. पावती आली, गहू-तांदूळ मिळाले. आजी हसून म्हणाली, "बोटं झिजली, डोळं कामाला आलं!"

म्हणून मित्रांनो, यंत्र अडले तर घाबरू नका. आत जाताना अडले, बाहेर येताना अडले की कोठीतच नाही, हे आधी शोधा. आणि घरात कोणाचे बोट झिजले असेल, तर त्यांच्यासोबत तुम्ही जा.

सांगा पाहू : घरातल्या टीव्हीचा रिमोट इनपुट की आउटपुट? उत्तर आमच्या वर्गात येऊन सांगा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, नेकनूर